पाण्याचा सोयरा

सिएना, १२ जानेवारी १४३७

देवाच्या नावाने आणि घाईघाईने, कारण खेचरवाला दारात उभा आहे.

नेरी, तुझं पत्र पोचलं. दोन पानं भरलीस आणि त्यात तब्येत एका ओळीत उरकलीस. बाकी सगळं तुझ्या गुरुजींचं आणि मेलेल्या पंडितांचं. राज्य कसं करावं, लोकांची मनं कशी धरावीत, शत्रूकडे कधी हसून बघावं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. अख्खी दुपार गेली, पण तुझी खोली गरम आहे की गार, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तू पोदेस्ता झालास, एका गावाचा कारभारी आणि न्यायाधीश, याचा मला आनंद आहे. गल्लीतल्या सगळ्या रंगाऱ्यांच्या बायकांना तो पुरेसा दाखवूनही झाला. तुझे आजोबा जन्मभर निळ्या हातांनी जेवले, आणि त्यांचा नातू आता लाल झगा घालून न्यायाला बसणार. चांगलं आहे. पण डोकं ठिकाणावर ठेव. रोक्काव्हेंताच्या लोकांनी तुला नेलं ते तू हुशार आहेस म्हणून नव्हे, तू त्यांचा कोणी लागत नाहीस म्हणून. त्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी बाहेरचा माणूस भाड्याने आणतात. तेव्हा बाहेरचाच राहा. सध्या तीच तुझी विद्या.

तुझा करार मी शेजारच्या वकिलाकडून वाचून घेतला. गावात कुणाकडे जेवायचं नाही, घोटभर पाणीही प्यायचं नाही. गावातली मुलगी करायची नाही, गावातल्या पोराचा धर्मबाप व्हायचं नाही. मुदत संपली की चौकातल्या बाकावर बसायचं, आणि अगदी भिकाऱ्यानेसुद्धा यावं आणि तुझ्याविरुद्ध तक्रार करावी. हे लिहिणारा माणूस मला आवडला. त्याने माणसं पाहिलेली दिसतात.

तुझे गुरुजी म्हणतात, ज्याला राज्य करायचंय त्याने आधी एकटं जेवायला शिकावं. असेल बाबा. पण एकट्याने जेवणाऱ्याला रश्शात मीठ नाही हे सांगायला कोणी नसतं, एवढं गुरुजींना कळव.

लोकरीचे मोजे पाठवले आहेत. घाल. कुणाला देऊन टाकू नकोस.

तुझी आजी, मेया


रोक्काव्हेंता, ३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

खोली गार आहे. बघ, पहिल्याच ओळीत लिहिलं.

गाव लहान आहे आणि भांडणं मोठी आहेत. सकाळी न्याय, दुपारी भिंती आणि पूल तपासणं, संध्याकाळी एकट्याने जेवण. मीठ ठीक असतं. माझ्यासोबत एक शिपाई आणि एक स्वयंपाकी आहे. दोघंही सिएनाचे, दोघंही घुमे.

माणूस म्हणावा असा इथे एकच भेटला. मेस्सेर ग्वाल्तिएरी, इथल्या पंचमंडळाचे प्रमुख. टेकडीवरची ऑलिव्हची झाडं त्यांची आणि खालची निम्मी घरंही त्यांचीच. संध्याकाळी येतात, शेकोटीशी बसतात आणि बोलतात. नियम त्यांना ठाऊक आहे, म्हणून काही आणत नाहीत आणि काही मागतही नाहीत. आजी, विद्यापीठात सहा वर्षं काढली, पण सत्तेबद्दल असं बोलणारा माणूस पाहिला नाही. परवा म्हणाले, "माणसाला भीती दाखवू नये. नुसतं दार उघडं ठेवावं. थंडी आपली आपण आत येते." काल म्हणाले, "न्यायाची तलवार दोन्ही बाजूंनी परजू नका. एक बाजू बोथट ठेवा, धरायला जागा हवी." मी हसलो, तेही हसले.

नदीवर ते नवी पाणचक्की बांधताहेत. तिच्या खालच्या अंगाला एक जुनी आहे, बिंदो नावाच्या माणसाची. तो गावात आला की निदान एकाशी भांडल्याशिवाय परत जात नाही. दोघांचं पाण्यावरून जुंपणार असं दिसतं. मी दोघांचाही कोणी नाही, तेव्हा माझं काम सोपं आहे.

मोजे पायांतच आहेत.

तुझा नेरी, इथे मेस्सेर रानिएरी


सिएना, २५ फेब्रुवारी

नेरी,

तुझ्या मेस्सेरची वाक्यं मी गल्लीत वाचून दाखवली. कासाराची बायको म्हणाली, किती हुशार माणूस! मी म्हटलं, हो, इतका हुशार की सबंध हिवाळा दुसऱ्याच्या लाकडावर शेकतोय.

एक लक्षात ठेव. फुकट शहाणपण वाटणारे दोन प्रकारचे असतात. एक माझ्यासारखी म्हातारी, जिला गप्प बसवत नाही. दुसरा तो, जो बोलता बोलता तुझं घर बघून घेतो. तलवार कुठे धरायची हे त्याने तुला शिकवलं. आता त्याला ठाऊक झालंय की तू ती कुठे धरतोस.

तीन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. खेचरवाला सांगतो, पोदेस्ता बर्फात पाणचक्कीकडे गेले होते, परत आले ते अंगावर पांघरूण नाही आणि बाह्या भिजलेल्या. तेव्हापासून तोंड शिवल्यासारखे बसलेत. काय केलंस? त्या घरी पाणी प्यायलास? की बाईचं काही आहे? बाई असेल तर आत्ताच सांग, मी मनात शिव्या जुळवून ठेवते.

मेया


रोक्काव्हेंता, १३ मार्च

प्रिय आजी,

बाईच आहे. त्या दिवशी तिला जन्माला येऊन प्रार्थना म्हणण्याइतकाही वेळ झाला नव्हता.

मी शिपायाला घेऊन पूल बघायला गेलो होतो. बर्फ गुडघाभर होतं. पाणचक्कीतून ओरडण्याचा आवाज आला. आत बिंदोची बायको तेस्सा बाळंत होत होती आणि सुईण पलीकडच्या वाडीत अडकलेली. मूल बाहेर आलं ते निळं, श्वास नाही. मी शिपायाला पाद्रींना आणायला पळवलं, पण पाद्री येईपर्यंत काय उरणार ते दिसतच होतं. बिंदो पाण्याचं भांडं हातात धरून उभा होता.

"मेस्सेर, तुम्ही ओता," तो म्हणाला.

"तू बाप आहेस. जीव जात असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. तू ओत."

"मी ओतलं की मी तिचा धर्मबाप. मग तेस्सा माझी बायको राहील का? पाण्याची सोयरीण होईल. आयुष्यभर तिच्या अंथरुणाला हात लावायचा नाही मी?"

"अडचणीच्या वेळी ओतलं तर तसं होत नाही. पंडितांनी स्पष्ट सांगितलंय."

"पंडितांना माझ्या बायकोजवळ निजायचं नाहीये! ओता हो!"

तेवढ्यात खाटेवरून तेस्सा ओरडली, "तुम्ही दोघं बसा वाद घालत! पोर चाललं माझं!"

मी ओतलं. नाव विचारायला वेळ नव्हता, तोंडात आलं ते ठेवलं. मेया. शब्द पुरे म्हटले, तिला माझ्या पांघरुणात गुंडाळलं, पाठ चोळली, आणि ती रडली, आजी. इतकी रडली की बिंदो खाली बसला.

परत येताना पुलावर मला कळलं मी काय केलं ते. कायद्याचा पदवीधर, आणि पुलावर आल्यावर कळतं! पाणी ओतणारा धर्मबाप होतो आणि पोरीचा बाप त्याचा सोयरा. या गावात आता माझा एक सोयरा आहे. हे चौघांना ठाऊक आहे: बिंदो, तेस्सा, पाद्री आणि माझा शिपाई.

त्या संध्याकाळी ग्वाल्तिएरी आले. काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "बर्फात भिजलात वाटतं."

रानिएरी


सिएना, २० मार्च

गाढवा,

आधी हे सांगते की पाणी ओतलंस ते बरं केलंस. समोर पोर निळं पडलं असताना करार आठवला असता तर मी तुला घरात घेतलं नसतं. आणि माझं नाव काय तुला रस्त्यात सापडलं होतं? या गल्लीत मी एकटीच मेया होते, मला तेच बरं होतं.

आता ऐक. चौघांना ठाऊक असलेलं गुपित म्हणजे चाळणीतलं पाणी. ग्वाल्तिएरीने विचारलं नाही, म्हणजे त्याला कळलंय. ज्याला कळलेलं नसतं तो विचारतो. पण दगड सापडला म्हणून लगेच मारणारा तो माणूस नव्हे. तो खिशात ठेवील आणि चांगला गुळगुळीत होईपर्यंत हाताळील.

जून संपेपर्यंत बिंदोला ओळखू नकोस. रस्त्यात भेटला तर खांबाकडे बघ. पोरीसाठी काही पाठवू नकोस, खुळखुळासुद्धा. तुझी मुदत संपली, बाकावरून उठलास, की मग त्या पोरीला काय हवं ते दे. तोवर तू कोणाचा कोणी नाहीस. कळलं?

तिचं अंग धरतंय का, ते मात्र कळव. एका शब्दात.

मेया


रोक्काव्हेंता, ९ मे

प्रिय आजी,

धरतंय.

बाकी एका शब्दात सांगता येणार नाही. ईस्टरनंतरच्या आठवड्यात ग्वाल्तिएरींची नवी पाणचक्की जळाली. चाक, छप्पर, सगळं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच एका कुळाने येऊन सांगितलं की बिंदोला मशाल घेऊन पळताना पाहिलं. मी त्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारलं. तो दर वेळी त्याच शब्दांत सांगतो, त्याच जागी थांबतो, त्याच जागी डोळे पुसतो. पाठ केलेली प्रार्थना लोक अशी म्हणतात. दुसरा साक्षीदार नाही. बिंदो माझ्या तळघरात आहे. आग लावणाऱ्याचा उजवा हात मनगटापासून तोडायचा, असा इथला कायदा आहे.

मी खाली गेलो तर तो म्हणाला, "सोयरे..."

"ते नाव काढू नकोस."

"बरं. पोदेस्तासाहेब. मी नाही जाळली. जाळावीशी रोज वाटत होती, ती गोष्ट वेगळी."

"हे वाक्य दुसऱ्या कुणापुढे बोलू नकोस."

"का? खरं आहे."

असा माणूस आहे तो. मला वाटतं त्याने जाळली नाही. जाळली असती तर गावभर सांगत फिरला असता.

काल ग्वाल्तिएरी आले. शेकोटी विझून महिना झाला, तरी नेहमीच्या जागी बसले. थंड राखेकडे बघत म्हणाले, "मेस्सेर रानिएरी, माणसाला हात दोन असतात. नाव एकच असतं."

"तुम्ही धमकी देताय का?"

"छे हो. शेकायला आलोय." मग उठता उठता म्हणाले, "तुम्ही त्याला दोषी धरलंत, तर हिवाळ्यात कोण कुठे भिजलं हे कोण आठवतंय? आणि तुमच्यासारख्या तरुणाने या खेड्यात का राहावं? सिएनात माझं नाव चालतं. मोठी गावं आहेत."

बिंदोला सोडलं तर ते उभे राहून सांगणार की पोदेस्ताने आपल्या सोयऱ्याला सोडलं. निकाल रद्द होईल, खटला नव्याने चालेल. दोषी धरलं तर कोणीच काही बोलणार नाही. फक्त एक माणूस डाव्या हाताने दळील.

निकाल महिनाअखेरीच्या आत द्यायचा आहे. मी पंडितांची पुस्तकं काढून बसलो. सापडलं काहीच नाही. तू सांग.

रानिएरी


सिएना, १४ मे

नेरी,

पंडितांकडे नव्हतंच. माझ्याकडे आहे. आजारी पड.

उपाय सोपा आहे. रंगाऱ्यांच्या साबणाचा तुकडा पाठवतेय. तोंडात धर, फेस येतो. डोळे फिरव, एकदोनदा खाली पड. वैद्याला लांबूनच दाखव, तो जवळ येणारच नाही, मी वैद्यांना ओळखते. महिनाभर खाटेवर राहा. तुझ्या जागी दुसरा कोणी बसेल, निकाल देईल, जो काय असेल तो. तुझ्या हाताला रक्त नाही आणि तुझ्या नावाला डाग नाही. जूनच्या शेवटी बरा हो आणि घरी ये.

मला ठाऊक आहे तुला हे आवडणार नाही. तुला लहानपणापासून गोष्टीतल्या शूर माणसांची आवड. पण दुसऱ्याच्या हातासाठी स्वतःची मान पुढे करणारे संत चर्चमध्येच शोभतात. आपल्या घराण्यात आजवर एकही संत झालेला नाही आणि आपलं बरं चाललंय.

तुझे आजोबा, तुझा बाप, दोघं गेले. मी तुला रंगाच्या पिंपांमधून ओढून शाळेत घातलं ते यासाठी नाही की एका भांडकुदळ पाणचक्कीवाल्यापायी तू पुन्हा पिंपाशी यावंस. आता मला राग येतोय, म्हणून थांबते.

साबण गिळू नकोस.

मेया


रोक्काव्हेंता, २० मे

प्रिय आजी,

साबण पोचला. मी तो तोंडाजवळ नेला होता. तुला खोटं कशाला सांगू, चांगला दोनदा नेला.

पण मी आजारी पडलो तर खुर्चीवर पंचमंडळाचा प्रमुख बसतो. म्हणजे ग्वाल्तिएरी. जळलेली चक्की त्यांची आणि न्यायाधीशही तेच. त्याच दिवशी बिंदोचा हात जाईल. मी सोडलं आणि निकाल रद्द झाला तरी तेच होईल, कारण तेव्हाही खटला त्यांच्याकडेच जातो. हा कायदा लिहिणारा माणूस तुला आवडला होता ना? त्याने ही फट ठेवली आहे.

पण त्यानेच एक दारही ठेवलंय. पोदेस्ता स्वतः नियमभंगात दोषी ठरून पदावरून गेला, तर त्याच्या पुढ्यातले सगळे खटले जागच्या जागी थांबतात. पंचांनी हात लावायचा नाही. सिएनातून नवा परका माणूस येईल आणि तोच निकाल देईल. म्हणजे मी उभा असेपर्यंत बिंदोला आशा नाही. मी पडलो तर कदाचित आहे. कदाचितच, आजी. नवा माणूस कसा असेल कोणास ठाऊक.

पंडितांची सगळी पुस्तकं पुन्हा चाळली. खुर्ची कशी मिळवावी, कशी टिकवावी, कोणाला जवळ करावं, कोणाला दूर. ती सोडावी कशी यावर कुणी एक पानही खर्च केलेलं नाही.

तुला विचारत नाहीये. विचारलं तर तू नाही म्हणशील, आणि मी अजून तुझं ऐकतो.

तुझा नेरी


रोक्काव्हेंता, ८ जून

मेयाआजींना, तेस्साचा नमस्कार. मला लिहिता येत नाही. पाद्री लिहितात. मी सांगते तेच लिहा म्हटलंय, तुमचं उपदेशाचं मध्ये घालू नका.

तुमचा नातू तुम्हाला लिहील असं वाटत नाही, म्हणून मी सांगते. बाजाराच्या दिवशी त्यांनी मोठी घंटा वाजवली. सगळे आले, आग लागली वाटून बादल्या घेऊन आले. ते लाल झगा घालून आले आणि जाऊन तक्रारीच्या बाकावर बसले. अजून महिना होता त्यांचा. लोक बघत राहिले. दवंडीवाल्याला म्हणाले, विचार. त्याने विचारलं, पोदेस्ताविरुद्ध कुणाची तक्रार आहे का? कोणी हललं नाही. मेस्सेर ग्वाल्तिएरीही नाहीत. ते खांबाला टेकून हसत होते.

मग तुमचा नातू बाकावरून उठला, चार पावलं चालला आणि तक्रार करणारा जिथे उभा राहतो तिथे जाऊन उभा राहिला. रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाला, "माझी आहे. या पोदेस्ताने फेब्रुवारीत बिंदोच्या मुलीला बाप्तिस्मा दिला. तो बिंदोचा सोयरा आहे. त्याने ते लपवलं आणि त्याच बिंदोचा खटला चालवला. नियम मोडलाय." आणि काठी खाली ठेवली. पदाची ती पांढरी काठी.

मागून एक म्हातारी म्हणाली, "आणि पोर जगलं का?" कुणीतरी सांगितलं, जगलं. ती म्हणाली, "मग कशाची तक्रार?" पण तिचं कोण ऐकतंय.

ग्वाल्तिएरींचं हसू तेव्हा गेलं. मी मुद्दाम बघत होते.

पंचांनी शिक्षा सांगितली. पुन्हा कधी कुठलं पद नाही. आणि नगरभवनाच्या भिंतीवर चित्र, पाय वर, डोकं खाली, खाली नाव. दगाबाजांचं काढतात तसं. ग्वाल्तिएरींनी लगेच चितारी बोलावला.

ते पायीच गेले. मी पुलावर पोरीला घेऊन उभी होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मी म्हटलं घ्या ना, आता कोण काय करणार आहे. घेतली. तिने त्यांच्या झग्यावर ओकारी काढली. झगा पुलावरच परत करायचा होता म्हणे. तसाच दिला.

बिंदो अजून तळघरात आहे. दोन्ही हातांनिशी.

तेस्सा


पेरुजा, ३ सप्टेंबर १४३८

प्रिय आजी,

तुझी सगळी पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, क्षमा कर. इथे माझं बरं आहे. बाजारात बसतो, लोकांची पत्रं आणि अर्ज लिहून देतो. सगळे मला नुसतं 'लिहिणारा' म्हणतात. नाव कोणी विचारत नाही, त्याचं सुख वाटतं.

बिंदो सुटल्याचं तू कळवलंस. ते पत्र मी जवळ ठेवलंय. मी केलं ते पुन्हाही करीन. पण केल्यानंतर माणूस कसा जगतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या भिंतीसमोरून रोज माणसं जातात. सिएनाचे व्यापारी जातात. आपल्या गल्लीतही सगळ्यांना ठाऊक असणार. लाल झग्याचा नातू तू त्यांना दाखवला होतास. आता हा कसा दाखवशील? मी येणार नाही. आग्रह करू नकोस.

रानिएरी


सिएना, १९ ऑक्टोबर १४३८

देवाच्या नावाने.

आग्रह करत नाही. मी काय केलं तेवढं सांगते.

खेचरवाल्याला म्हटलं, मला रोक्काव्हेंताला ने. तो म्हणाला, मेयाआजी, या वयात? मी म्हटलं, तुझं खेचर माझ्यापेक्षा म्हातारं आहे, त्याला विचार. रस्ता वाईट आहे. तू पाच महिने त्या गावात काढलेस आणि रस्ता एवढा वाईट आहे हे एका पत्रात लिहिलं नाहीस. पंडितांना जागा दिलीस.

बाजाराचा दिवस होता. मी सरळ भिंतीकडे गेले. पाहिलं. तुझं नाक एवढं मोठं कधीच नव्हतं. चितारी परगावचा, त्याने तुला पाहिलेलंच नाही, कुणाचं तरी नाक तुला लावून मोकळा झाला. दाढी तर तुला येतही नाही धड. मी तिथे उभी राहून खालची अक्षरं बोटाने हवेत गिरवत वाचली. रानिएरी. ते मात्र बरोबर लिहिलंय. बघून मला काय वाटलं ते विचारू नकोस. मी त्यासाठी गेले नव्हते.

तुझा मेस्सेर ग्वाल्तिएरी चौकात भेटला. अजून प्रमुखच आहे. नवी चक्की पुन्हा बांधली, बिंदोचं निम्मं पाणी गेलंच. मी कोण ते त्याला कोणीतरी सांगितलं, तर तो स्वतःच आला, टोपी काढली. म्हणाला, "तुमचा नातू फार पुढे गेला असता. त्याला कळलं नाही, सत्ता म्हणजे वाट बघणं." मी म्हटलं, "बघत होता तो वाट, मेस्सेर. कुणीतरी माणूस पुढे यावा म्हणून. मग म्हणाला, आपणच जाऊ." तो हसला. हुशार माणसाला हसायला यावंच लागतं.

मग तेस्सा आली. तिने मला ओळखलं कसं ते ठाऊक नाही, म्हणाली तुमच्यासारखं रागाने भिंतीकडे कोण बघणार. बिंदो मागून पोरीला खांद्यावर घेऊन येत होता, दोन्ही हातांनी तिचे पाय धरून. येता येता एका भाजीवाल्याशी भांडलासुद्धा. सुटका कशी झाली ते त्याने मला सांगितलं, तुला ठाऊक नसेल. नव्या पोदेस्ताने त्या कुळाला म्हटलं, तुझी हकीकत शेवटाकडून सुरुवातीकडे सांग. त्याला एक वाक्य सांगता आलं नाही. कारण ती घडलेली नव्हती, शिकवलेली होती. एवढंसं. पण ते विचारायला परका माणूस यावा लागला, आणि तो यायला तुझी जागा रिकामी व्हावी लागली. तू लिहिलं होतंस ना, कदाचित. माझा साबण चालला असता तर तेवढंही उरलं नसतं. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा वाचायला मिळणार नाही.

मी मुलीला विचारलं, नाव काय तुझं? म्हणाली, मेया. मी म्हटलं, ते माझं आहे. ती म्हणाली, नाही. माझं. भांडकुदळ आहे, बापावर गेलीय.

बिंदोने तिला खाली उतरवलं. ती तडक भिंतीशी गेली. वर तुझ्याकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हात जमिनीवर टेकले, ढुंगण वर केलं आणि स्वतःच्या पायांच्या मधून बघायला लागली. बराच वेळ. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते, कोणी हटकलं नाही. मी तेस्साला म्हटलं, हे काय खूळ? ती म्हणाली, "दर बाजाराला असंच करते, आजी. तसं बघितलं की ते सरळ उभे दिसतात."

माझी कंबर तेवढी वाकत नाही. म्हणून तूच ये.

मेया